पैकीच्या पैकी

सोमवार, २२ नोव्हेंबर २०२१, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. डार्विनच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत माझी कामाची पाळी नुकतीच सुरू झाली होती आणि मी आदल्या संध्याकाळी आलेले कोविड-चाचण्यांचे नमुने यंत्रात लावत होते. टेबलावरचा फोन वाजला. फोन दोन मजले वरच्या वॉर्डातून होता. नर्सने आधी माझे नाव विचारून खात्री करून घेतली आणि मग हळू, पण आडवळण न घेता सांगितले की माझी आत्या गेली. मी वेळ विचारली. तिने सांगितली. समोर कागद नव्हता म्हणून ती मी हातमोज्यावर लिहून घेतली. तो हातमोजा कचऱ्यात टाकल्यावर माझ्या लक्षात आले की आता जिन्याने पळत वर जाण्याचे काहीच कारण उरलेले नाही... तरीही मी पळत गेले.

कुमुदआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी शाळेत असतानाच बाबा गेले. पुढे मला ऑस्ट्रेलियात शिकायला आणले ते तिने, आणि पदवीनंतर मी डार्विनची नोकरी धरली तीही तिच्यासाठीच. तिचे यजमान, माझे आतोबा, इथल्या वायुप्रकल्पात अभियंता होते; ती एका शाळेत गणित शिकवायची. आतोबा वारल्यावरही तिने हे गाव सोडले नाही. मूलबाळ नव्हते. जगात तिची म्हणावीत अशी दोनच माणसे उरली होती. एक मी आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ, माझा अविनाशकाका. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आजी सतत आजारी असे, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून पावकी-निमकी पाठ करून घेण्यापर्यंत सगळे आत्यानेच केलेले. तीस वर्षांपूर्वी तो अमेरिकेत गेला आणि नदीकाठच्या एका मध्यम आकाराच्या शहरात पाणीपुरवठा खात्यात रमला. तिथले कारखाने बहुतेक बंद पडले होते. एक विद्यापीठ तेवढे जोरात होते. दर दोन वर्षांनी तो डार्विनला येत असे. मग महासाथ आली, ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या, आणि त्याच काळात आत्याची फुप्फुसे घट्ट होत जाणारा तो आजार निश्चित झाला. कोविड नव्हे. "या दिवसांत मला वेगळाच आजार व्हावा, म्हणजे बघ," ती म्हणायची, "पण सोय आहे हं. वूलीजच्या दुकानात एकदा खोकले की अख्खी रांग मोकळी होते."

तिला एकच गोष्ट हवी होती. अवीला एकदा समोर बसवून पाहायचे होते. व्हिडिओवर तो रोज दिसे. ते पाहणे ती धरत नसे.

आणि नेमके त्याच वर्षी काका त्याच्या शहराच्या महापौरपदासाठी उभा राहिला. त्याने ते सांगितले तेव्हा आत्या मागच्या व्हरांड्यात पंख्याखाली बसून आंब्याच्या फोडी खात होती, नाकाशी प्राणवायूची नळी. ती एवढेच म्हणाली, "उभा राहतोयस तर नीट उभा राहा. लहानपणीसारखा एका पायावर नको." त्या दिवसापासून ती निवडणूक आमच्या घरात राहायला आली. त्या शहराने नुकतीच पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली होती. मतदाराने एकाच नावावर खूण करून थांबायचे नाही, तर उमेदवारांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम द्यायचे. तिथल्या लोकांना हे नवे होते. आत्याला मुळीच नव्हते. ऑस्ट्रेलियात मत असेच देतात, आणि निवृत्तीनंतर ती प्रत्येक निवडणुकीला मतदानकेंद्रावर कामाला जात असे. कमी मतांचा उमेदवार बाद कसा होतो, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे कशा सरकतात, हे ती काकाला आणि त्याच्या मुलीला, ईशाला, खडू घेतल्याच्या आविर्भावात समजावून सांगत असे. ईशा प्रचाराचा हिशेब सांभाळायची. ती म्हणे, "आत्या, यू आर बेटर दॅन अवर कन्सल्टंट." त्यावर आत्या विचारी, "तो किती घेतो? आणि मला काय, नुसतं थँक्यू?"

त्या शहरात काही मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांच्याकडे राहायला आलेले, आता नागरिक झालेले आईवडीलही पुष्कळ आहेत. ही मते काकाची हक्काची. त्यांच्यासाठी मराठीत एक संदेश हवा, असे ईशाने सुचवले आणि तो आत्याने लिहिला. मी तो आजही पाठ म्हणू शकते. उमेदवार पाच आहेत, मतपत्रिकेवर प्रत्येक नावापुढे एक ते पाच अशी घरे आहेत, विचार करून क्रम द्या, घाई करू नका... आणि शेवटी, आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईच्या उत्साहाने, "आपल्या अवीला मात्र पैकीच्या पैकी!" हे वाक्य मीही वाचले होते, काकानेही. आम्हा कोणालाही त्यात काही खटकले नाही. खटकावे कसे? मराठी घरात त्याहून मोठी शाबासकी नसते.

ऑक्टोबरच्या अखेरीस, उकाडा टिपेला पोहोचलेला असताना, आत्याने तिथल्या दामले आजींना सहज फोन लावला. आमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. मी डबा भरत होते. फोन स्पीकरवर होता.

"काय आजी, मत दिलंत का?"

"दिलं की! टपालपेटीत टाकून आले. तुमच्या भावाला पैकीच्या पैकी हो. पाचपैकी पाच!"

"म्हणजे... कसं?"

"कसं म्हणजे? पाचाच्या घरात काळं केलं, अगदी गच्च. आणि तो टॉम उभा आहे ना, त्याला एक. एवढा पुरे त्याला. शून्य द्यायला घरच ठेवलं नव्हतं मेल्यांनी!"

टॉम म्हणजे काकाचा मुख्य प्रतिस्पर्धी. आजींनी त्याला पहिली पसंती दिली होती आणि काकाला शेवटची. आत्या हसू लागली. इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला, आणि मी नळीचा प्रवाह वाढवून तिची पाठ चोळत राहिले. फोनवर आजी विचारत होत्या, "काय झालं हो? चुकलं का काही?" आत्याने श्वास गोळा केला आणि म्हणाली, "नाही हो आजी. तुमचं नाही चुकलं. प्रश्नपत्रिका काढणारीचं चुकलं."

ईशाला कळले तेव्हा ती जवळजवळ किंचाळली, "आत्या, इट्स नॉट मार्क्स! इट्स रँक्स!" आणि मग घाईने, "सॉरी, सॉरी, तुला माहितीये." पुढचे सगळे दिवस आत्याने एकेका घरी फोन करण्यात घालवले. ज्यांनी मतपत्रिका अजून टपालात टाकली नव्हती त्यांना खूण कशी करायची ते सांगायचे. ज्यांनी पाचाच्या घरात काळे करून ती अजून घरीच ठेवली होती त्यांना ती बदलून कुठे मिळेल ते सांगायचे. एका वाक्याला तिला दोन श्वास लागत. मी प्रशिक्षणाने आकड्यांवर विश्वास ठेवणारी. बोटाला लावलेल्या यंत्रावर मला दिसत होते की प्रत्येक फोननंतर तिचा प्राणवायू किती खाली जातो आणि वर यायला किती जास्त वेळ घेतो. "ईशाला करू दे ना," मी म्हटले. "ईशाचं मराठी ऐकून ते आणखी कोणाला तरी पाच देतील," ती म्हणाली आणि पुढचा नंबर लावला.

त्याच आठवड्यात मी तिला मनातले बोलले. काकाला ऑस्ट्रेलियात येण्याची विशेष परवानगी मिळाली होती आणि नोव्हेंबरच्या मध्याच्या विमानात जागाही. तो हरला तर तेव्हा निघायला मोकळा होता. जिंकला, तर नेमणुका, अंदाजपत्रक, मग जानेवारीतला शपथविधी. आणि परवानगी, विमान, विलगीकरणाचे चौदा दिवस हे सगळे पुन्हा पहिल्यापासून. आत्याच्या वाट्याला जानेवारी आहे का, हे तिच्या तपासण्यांचा आलेख वाचणाऱ्या कोणालाही विचारावे लागले नसते.

"आत्या, मला वाटतं काका हरावा."

ती रागावली नाही. आंब्याची कोय ताटलीत ठेवून तिने बोटे पुसली. "तुझं गणित बरोबर आहे, मुक्ता. उत्तरही बरोबर आहे. पण ते वहीत लिहायचं नाही."

"का?"

"हरून आला तर इथे बसून तो माझ्याकडे बघणार नाही. जमिनीकडे बघेल. लहानपणी हरला की बघायचा तसा. मला त्याचा चेहरा हवाय."

निवडणूक झाली. पहिल्या पसंतीत काका पुढे होता. मग एकेक उमेदवार बाद होत गेला, मतपत्रिका सरकत गेल्या, टपालाने आलेल्या मोजल्या गेल्या, आणि अखेरच्या फेरीत काका एकवीस मतांनी मागे राहिला. आत्याने दुसरे काही विचारायच्या आधी विचारले, "आपल्या किती चुकल्या?" फोनवरून आम्ही जे गोळा केले होते त्यानुसार सतराजणांच्या पाकिटांना आमचे फोन गाठू शकले नव्हते, आणि त्यांतल्या बाराजणांनी टॉमला 'एक' दिला होता. त्या बारांपैकी प्रत्येक मताने दुहेरी फरक पडत होता, काकाचे एक कमी आणि टॉमचे एक जास्त; म्हणजे चोवीस. हा हिशेब मी करायच्या आधीच तिचा झाला होता. काका पडद्यावर आला तेव्हा ती म्हणाली, "अवी, माझ्या एका शब्दानं घालवलं रे तुझं."

काका दमलेला दिसत होता, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा तू मला पैकीच्या पैकी दिलेस. मतं कमी पडली, तो वेगळा विषय."

एवढ्या कमी अंतरावर फेरमोजणी मागता येत होती. निकाल स्पष्ट लागला असता, तर हरो वा जिंको, काकाला कुठे जायचे हे ठरवता आले असते. पण आत्याच्या त्या शब्दाने लढत इतकी अटीतटीची करून ठेवली होती की तो तिथेच अडकला. वादग्रस्त मतपत्रिका एकेक करून समितीपुढे येणार होत्या, आणि 'पाचपैकी पाच' म्हणजे मराठी माणसाला काय म्हणायचे असते, हे अमेरिकन अधिकाऱ्यांना समजावून देणारे माणूस तिथे हवे होते. आत्याने बजावले, "मोजणी सोडून आलास तर दार उघडणार नाही." काकाने विमानाची जागा सोडली. त्याच सुमारास आत्याला रुग्णालयात दाखल करावे लागले.

तिच्या खोलीत, पलंगासमोर, एक पांढरा फळा होता. नर्स त्यावर रोज वार, तारीख आणि रुग्णाला काय नावाने हाक मारावी ते लिहीत. आमच्या फळ्यावर लिहिले होते 'कुमू', कारण शेवटचा 'द' तिथे कोणालाच नीट जमत नसे. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत मी रोज सकाळी मतांचा फरक लिहायची. उणे एकवीस. उणे अठरा. उणे एकोणीस. सफाईवाल्या बाईला वाटले की हे तापमान आहे. आत्या तिला म्हणाली, "यस, डार्लिंग. व्हेरी कोल्ड प्लेस."

मग एका सकाळी आकडे वाचण्याचे माझे शिक्षणच मला असह्य झाले. तिचा प्राणवायू बोलल्यानंतर उतरायचा, तो आता न बोलताही उतरू लागला होता. मी जिन्यात उभी राहून काकाला फोन केला. म्हटले, "काका, मी फक्त आकडे सांगते. निर्णय तुझा." मी आकडे सांगितले. मग त्याने विचारले, "दार उघडणार नाही म्हणाली होती ना?" मी म्हटले, "तिला आता उठताच येत नाही." त्याने फेरमोजणी ईशावर सोपवली आणि, परवानगीची मुदत अजून शिल्लक होती म्हणून, मिळेल त्या विमानाने तो निघाला.

आत्याला मी तो विमानात बसल्यावर सांगितले.

"गाढव आहे," ती म्हणाली. डोळे मिटून पडून राहिली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "किती लांब आहे?"

"पंधरा हजार किलोमीटरच्या वर."

"सरळ रेषेत, की पृथ्वीच्या पाठीवरून?"

"पाठीवरून, आत्या. पोटातून विमानं जात नाहीत."

"मग ते लिही. मतं पूस."

मी मते पुसली. त्यानंतर फळ्याच्या त्या कोपऱ्यात अंतर राहिले. कामाच्या मधल्या सुट्टीत मी वर जायची, मोबाईलवर विमान कुठवर आले ते पाहायची आणि आकडा बदलायची. तो सिंगापूरला उतरला तेव्हा तीन हजार तीनशेच्या आसपास होता. नर्सेसना सांगावे लागले नाही, त्यांच्यापैकी एक तर दारातूनच विचारायची, "कुमू, हाऊ फार नाऊ?" आणि आत्या बोटाने फळा दाखवायची. आकडा लहान होत जाणे म्हणजे चांगले, असा आलेख त्या महिन्यात मी दुसरा पाहिला नाही.

डार्विनला उतरताच त्याला बसमधून शहराबाहेरच्या विलगीकरण केंद्रात नेले. तेव्हाचा नियमच तो होता, आणि रोज नमुने तपासणारी मी त्या नियमामागचे कारण कोणापेक्षाही चांगले जाणत होते. मरणासन्न नातेवाइकाला संरक्षक पोशाखात भेटू देण्याचीही तरतूद होती. तो अर्ज आम्ही केला, त्याची पहिली चाचणी नकारात्मक आली, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत होते. कोणीही आमच्याशी वाईट वागले नाही. फक्त वेळ लागत होता, आणि तीच आमच्याकडे नव्हती.

परवानगी यायच्या आधी ती गेली. अंत्यदर्शन त्याने खोलीतल्या पडद्यावर घेतले. चौदा दिवस संपल्यावर मी त्याला गाडीने आणायला गेले. फाटकाशी एक बॅग घेऊन तो उभा होता. वाटेत त्याने सांगितले की फेरमोजणीचा निकाल लागला, तो थोडक्यात हरला. पाचाच्या घरातल्या मतपत्रिका समितीने नियमाप्रमाणेच वाचल्या. रस्त्यावर डावीकडे कोणते दुकान आहे हे सांगावे, तसा तो बोलला. घरी आल्यावर तो व्हरांड्यात तिच्या खुर्चीसमोरच्या वेताच्या मुढ्यावर बसला. रिकाम्या खुर्चीकडे तो पाहत होता, जमिनीकडे नाही. मग त्याने विचारले, "रविवारी माझा फोन ठेवल्यावर ती काही बोलली का?"

बोलली होती. तो रविवार त्या दोघांच्या शेवटच्या बोलण्याचा. मी मोबाईल तिच्या उशाशी टेकवून धरला होता. काका केंद्रातल्या त्याच्या खोलीबाहेरच्या छोट्या गॅलरीत बसला होता, मागे पत्र्याचे छप्पर. आत्याने त्याला बराच वेळ नुसते पाहिले. मग अडखळत म्हणाली, "अवी, तुझ्याकडे किती वाजले?"

"साडेतीन, ताई."

"माझ्याकडेही साडेतीन." तिला याचे फार नवल वाटले. तीस वर्षे फोनवर एकाची सकाळ ती दुसऱ्याची संध्याकाळ होती. त्या दिवशी दोघांचे घड्याळ एक झाले होते. तेवढ्यात त्याच्याकडे दुपारचे वादळ सुरू झाले, पत्र्यावर इतके कोसळले की त्याचा शब्द ऐकू येईना. तो हातवारे करत आत गेला आणि फोन तुटला. आमच्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होते. आत्या खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिचा हात धरून बसले. तिचे डोळे उघडे होते आणि ती कशाची तरी वाट पाहत होती. कशाची, ते मला कळत नव्हते. बऱ्याच वेळाने आभाळ भरून आले, खजुरीची झाडे वाकली, आणि वॉर्डाच्या काचेवर पाऊस आपटू लागला.

"अवीकडचा आला," ती म्हणाली.

मग तिने बोट उचलून फळा दाखवला. काका डार्विनला उतरल्यापासून मी आकडा बदललाच नव्हता. बदलण्यासारखे आता काही उरले नाही, असे मला वाटत होते. "आता किती?" तिने विचारले. मी नकाशा उघडला, केंद्राच्या फाटकापासून तिच्या खिडकीपर्यंतचे अंतर मोजले, उठले, आणि जुना आकडा पुसून लिहिले: २४ किमी.